दूरच्या संगणकाशी बोलताना : प्रस्तावना

कोयना धरणातून किती पाणी सोडले, हा आकडा पाण्याच्या आधी सांगलीत पोहोचावा लागतो. पाणी पाटण तालुक्यातून खाली उतरते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते. एके काळी त्याच्या पुढे धावायला बिनतारी यंत्रणा आणि टेलिफोन होते. आता हे काम मोठ्या प्रमाणावर संगणक करतात. एका ठिकाणचा प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणच्या प्रोग्रॅमला विचारतो, 'पातळी किती, आवक किती, विसर्ग किती?' आणि उत्तराची वाट पाहतो. लांबच्या यंत्रातले काम आपल्याच प्रोग्रॅमचा भाग असल्यासारखे करवून घेण्याच्या या रीतीला रिमोट प्रोसीजर कॉल, थोडक्यात आरपीसी, म्हणतात. हे पुस्तक आरपीसीतल्या एका टप्प्याबद्दल आहे. प्रोग्रॅमच्या मेमरीतली माहिती एक्सएमएलच्या मजकुरात कशी उतरवायची आणि पलीकडे त्यातून तीच माहिती पुन्हा कशी उभी करायची, एवढाच त्याचा विषय.

विषय लहान वाटतो, कारण बहुतेक वेळा हे काम लायब्ररी करते आणि प्रोग्रॅमर तिकडे बघतही नाही. पण दोन यंत्रणांमध्ये अर्थ हरवतो तो बहुधा इथेच. मेमरीत माहिती विखुरलेली असते. एका नोंदीत दुसऱ्या नोंदीचा पत्ता असतो, संख्या त्या यंत्राच्या सोयीने बाइटमध्ये मांडलेली असते, तारीख कुठल्या तरी क्षणापासून मोजलेल्या सेकंदांच्या रूपात असते. तारेवरून मात्र एकामागून एक बाइट जातात, आणि मेमरीतल्या पत्त्याला दुसऱ्या यंत्रात काडीचा अर्थ नसतो. जुना लाकडी वाडा उतरवून दुसऱ्या गावी उभा करायचा, तर प्रत्येक तुळईवर आणि खांबावर खूण घालावी लागते. इथेही तसेच आहे. उतरवण्याला मार्शलिंग किंवा सीरियलायझेशन म्हणतात आणि उभारण्याला अनमार्शलिंग. पलीकडचा उभारणारा आपल्या ओळखीचा असेलच असे नाही. म्हणून त्याला लागेल ती प्रत्येक गोष्ट खुणेतच लिहिलेली असावी लागते.

या विद्येचा इतिहास साधारण पन्नास वर्षांचा आहे. दूरच्या यंत्रातले काम प्रोसीजर कॉलच्या रूपात मागवता येईल, ही कल्पना १९७६ सालच्या आरएफसी ७०७ या दस्तऐवजात मांडलेली दिसते. तिला पक्के रूप दिले ते झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला 'स्टब' अजूनही या क्षेत्राचा पाया आहे. दोन्ही बाजूंना एकेक छोटा मध्यस्थ असतो. अलीकडचा माहिती बांधतो, पलीकडचा सोडवतो, आणि मूळ प्रोग्रॅमला मधल्या अंतराची दखल फारशी घ्यावी लागत नाही. हे मध्यस्थ हाताने न लिहिता वर्णनावरून आपोआप तयार करावेत, हाही त्यांचाच आग्रह.

पुढे बांधणीच्या चार पद्धती रूढ झाल्या. नव्या वाचकाने त्या आधी वेगळ्या ओळखाव्यात, म्हणजे पुढची पाने सोपी जातील.

पहिली पद्धत पूर्वकराराची. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८७ साली आरएफसी १०१४ मध्ये एक्सडीआर जाहीर केले. त्यात प्रत्येक घटक चार बाइटच्या पटीत आणि ठरलेल्या क्रमाने जातो. 'हा पूर्णांक आहे' असे तारेवर कुठेच लिहिलेले नसते, दोन्ही बाजूंना ते आधीच ठाऊक असते. ही मांडणी वेगवान आणि आटोपशीर आहे, पण करार हातात नसेल तर समोर उरतात नुसते बाइट.

दुसरी पद्धत स्वतःची ओळख सोबत नेण्याची. १९८४ पासून प्रमाणित होत गेलेल्या एएसएन.१ च्या मूलभूत नियमांत प्रत्येक मूल्यापुढे त्याचा प्रकार आणि लांबी येते. जागा जास्त लागते, पण पाकीट उघडताच आत काय आहे ते कळते.

तिसरी पद्धत ऑब्जेक्टची. १९९१ मध्ये कोर्बा, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डीकॉम, १९९७ मध्ये जावाचे आरएमआय अशी तिची वाटचाल. ऑब्जेक्ट जसाच्या तसा पलीकडे पाठवावा, हे तिचे स्वप्न. एकाच भाषेच्या किंवा एकाच कंपनीच्या अंगणात ते बरेचसे साकारही झाले. अंगण ओलांडले की अडचणी सुरू होत. वेगळी भाषा, वेगळी आवृत्ती आणि वाटेतली फायरवॉल, या तिन्हींनी या पद्धतीची दमछाक केली.

चौथी पद्धत दस्तऐवजाची, आणि तिची सुरुवात एक्सएमएलपासून होते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने एक्सएमएल १.० ला मान्यता दिली. त्याच वर्षी युजरलँडचे डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टमधली काही मंडळी यांच्या कामातून एक्सएमएल-आरपीसी आकाराला आले. कल्पना साधी होती. कॉलचे नाव आणि पॅरामीटर एक्सएमएलमध्ये लिहायचे आणि वेबपानांच्या नेहमीच्या वाटेने, म्हणजे एचटीटीपीवरून, पाठवायचे. सहा साधे प्रकार (पूर्णांक, बूलियन, स्ट्रिंग, डबल, तारीख-वेळ आणि बेस-६४) आणि त्यांना एकत्र बांधणारे दोन, अ‍ॅरे व स्ट्रक्ट. या आठ प्रकारांत सारे काही बसवायचे. स्पेसिफिकेशन इतके छोटे की विद्यार्थ्याने एका बैठकीत वाचावे. आमच्या मते शिकण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

त्याच धाग्यातून सोप (SOAP) हा प्रोटोकॉल वाढला. सोप १.१ मे २००० मध्ये आले आणि १.२ ला जून २००३ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. सेवेचे वर्णन करणारे डब्ल्यूएसडीएल १.१ आणि माहितीचे प्रकार ठरवणारे एक्सएमएल स्कीमा २००१ सालचे. सोपच्या अनुयायांमध्येच दोन तट होते. एकाला प्रोग्रॅममधला ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये उमटवायचा होता. दुसरा म्हणत होता, आधी दस्तऐवज ठरवा, मग प्रोग्रॅमने त्याच्याशी जुळवून घ्यावे. वेगवेगळ्या कंपन्यांची साधने एकमेकांशी बोलेनात तेव्हा डब्ल्यूएस-आय या उद्योगसंघाच्या २००४ च्या बेसिक प्रोफाइलने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. हा कौल महत्त्वाचा आहे. आपल्या क्लासची रचना जगाला दाखवायची गरज नसते. दोघांनी मान्य केलेला मजकूर टिकतो आणि क्लास बदलत राहतात.

यानंतर जेसन रूढ झाले, मग प्रोटोकॉल बफर्स (खुले झाले २००८), एव्हरो (२००९), जीआरपीसी (२०१५). प्रोटोकॉल बफर्सच्या संदेशात क्षेत्रांची नावे नसतात, नुसते क्रमांक असतात. म्हणजे पूर्वकराराची पहिली पद्धत नव्या कपड्यांत परत आली. साधने बदलली तरी प्रश्न तेच राहिले. ते प्रश्न सातारा आणि सांगली या आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या माहितीवर घासून पाहावेत, हा या पुस्तकाचा मार्ग आहे.

पहिला प्रश्न संख्येचा. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे ही क्षमता १०,५२५ कोटी घनफूट झाली. एक्सएमएल-आरपीसीचा पूर्णांक ३२ बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ बसते. घनफुटात मोजले तर सव्वादोन टीएमसीसुद्धा त्यात मावत नाहीत! पायथॉनची लायब्ररी अशा वेळी स्पष्ट त्रुटी देते. त्रुटी न देता आकडा कापून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम जास्त धोकादायक. डबल वापरावा, तर ऊस बिलाच्या रुपये-पैशांत दहावा भागही बायनरीत नेमका लिहिता येत नाही. म्हणून मोठी संख्या किंवा रक्कम पाठवताना प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो आणि ती निवड लिहून ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न एककाचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत सांगतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. खाली कर्नाटकात अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये सांगतात. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी ५१९.६० मीटर. इथे एककही वेगळे आणि शून्य कुठून धरायचे तेही वेगळे. बाजार समितीतही हीच गत आहे. हळदीचा दर क्विंटलचा असतो, बेदाण्याचा किलोचा. प्रोग्रॅमच्या व्हेरिएबलमध्ये नुसता ४५ असतो, बाकीचे प्रोग्रॅमरच्या डोक्यात असते. एक्सएमएलमध्ये <पातळी एकक="फूट" ठिकाण="आयर्विन पूल">४५</पातळी> असे लिहायची सोय आहे. सोय असूनही ती न वापरणे हा या क्षेत्रातला सर्वांत नेहमीचा दोष आहे.

तिसरा प्रश्न नसण्याचा. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाच्या नोंदींवर पाणलोट क्षेत्राचा अंदाज बांधला जातो. नवजाच्या खान्यात शून्य असेल, तर पाऊस पडला नाही. खाना रिकामा असेल, तर मोजणी आली नाही. ऐन पावसाळ्यात या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. मूळ एक्सएमएल-आरपीसीत 'मूल्य नाही' हे सांगायची सोयच नव्हती. पुढे निल नावाचा विस्तार आला, पण तो सगळ्यांनी स्वीकारला नाही. एक्सएमएल स्कीमाने रिकामा टॅग, गैरहजर टॅग आणि 'निल' म्हणून घोषित टॅग या तीन वेगळ्या अवस्था मानल्या. यातली कोणती कशासाठी, हे आधी ठरवले नाही तर पलीकडचा प्रोग्रॅम रिकाम्या जागी शून्य धरतो आणि कोणाला कळतही नाही.

चौथा प्रश्न वेळेचा. एक्सएमएल-आरपीसीच्या तारीख-वेळेत टाइमझोन नाही. तो सर्व्हरने आपल्या कागदपत्रांत सांगावा, असे स्पेसिफिकेशन म्हणते. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल आणि वाचणारा ती भारतीय वेळ समजला, तर विसर्गाची नोंद साडेपाच तासांनी चुकते.

पाचवा प्रश्न ओळखीचा. एका खातेदाराचा तीन गटांत ऊस आहे. मेमरीत खातेदाराची नोंद एक असते आणि तिन्ही गट तिच्याकडे बोट दाखवतात. साधेपणाने एक्सएमएल लिहिले, तर खातेदार तीनदा उतरतो आणि पलीकडे तीन वेगळे खातेदार उभे राहतात. खातेदाराच्या नोंदीत गटांची यादी आणि गटाच्या नोंदीत खातेदार असेल, तर बेसावध प्रोग्रॅम फिरतच राहतो. सोप १.१ ने यासाठी आयडी आणि संदर्भ यांची योजना केली होती. तीच पुढे वादाचे कारण ठरली. तिची चर्चा या पुस्तकात सविस्तर आहे, कारण झाडासारखी मांडणी आणि जाळ्यासारखी मांडणी यांतला फरक ज्याला समजला त्याला अर्धा विषय समजला.

सहावा प्रश्न लिपीचा, आणि मराठी वाचकाला तो टाळता येत नाही. एक्सएमएल-आरपीसीच्या मूळ स्पेसिफिकेशनात स्ट्रिंग म्हणजे आस्की स्ट्रिंग असे लिहिले होते. २००३ च्या दुरुस्तीत तो शब्द काढला गेला. म्हणजे तोवर नियमाने पाहिले, तर मराठी नाव स्ट्रिंग म्हणून पाठवताच येत नव्हते. एक्सएमएल मात्र जन्मापासून युनिकोडवर उभे आहे, त्यात टॅगची नावेही देवनागरीत चालतात. तरी अडचणी संपत नाहीत. कऱ्हाड हे नाव घ्या. त्यातला 'ऱ' यू+०९३१ या एका संकेताने लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान आहेत, पण बाइट जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती दोन गावे वाटतात. पाठवण्याआधी मजकूर एकाच प्रमाण रूपात आणला, तर हा घोळ टळतो. आकारही लक्षात ठेवावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणून 'सातारा' आणि 'सांगली' ही नावे प्रत्येकी १८ बाइटची होतात.

या सहांखेरीज सुरक्षेचा प्रश्न वेगळा. एक्सएमएलमधल्या बाह्य एंटिटीमुळे सर्व्हरवरची खासगी फाइल बाहेर जाऊ शकते, आणि एकात एक गुंफलेल्या एंटिटींनी छोटा संदेश मेमरी भरून टाकू शकतो. या एंटिटी जिथे घोषित होतात त्या डीटीडीला सोपने संदेशात मनाईच केली, ती योग्य होती. बाहेरून आलेला मजकूर उभारताना पार्सरच्या या सोयी बंद ठेवणे, हा या पुस्तकातला एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही.

हे सगळे आता कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. एक्सएमएलचा जमाना गेला, असे वर्गात आणि मुलाखतीत सर्रास ऐकू येते. नव्या सेवांमध्ये जेसनचे प्रमाण मोठे आहे, हे खरेच. जीएसटीचे ई-इन्व्हॉइस जेसनमध्ये आहे. आयकर विवरणपत्रेही २०२१-२२ च्या कर निर्धारण वर्षापासून एक्सएमएल सोडून जेसनवर गेली. पण रिझर्व्ह बँकेची ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झालेली नवी आरटीजीएस आयएसओ २००२२ च्या संदेशांवर उभी आहे आणि ते संदेश एक्सएमएलमध्ये आहेत. यूपीआयचे बँकांमधले संदेशही एक्सएमएल, आधारची प्रमाणीकरण विनंतीही एक्सएमएल. अडत दुकानापासून कारखान्यापर्यंत हिशेबाला वापरले जाणारे टॅली दुसऱ्या प्रोग्रॅमशी एचटीटीपीवरून एक्सएमएलमध्ये बोलते. पूर आणि वादळाच्या इशाऱ्यांसाठी जगभर वापरला जाणारा कॅप हा प्रमाण नमुना एक्सएमएलच आहे. पाण्याच्या नोंदींसाठीही वॉटरएमएल आहे. त्याच्या पहिल्या आवृत्त्या सोपच्या सेवांबरोबर वाढल्या आणि दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने प्रमाण मानली. म्हणजे पैसा, ओळख, हिशेब आणि पाणी, चारही ठिकाणी ही विद्या कामावर आहे.

आपल्या भागाला दूरच्या संगणकाशी बोलण्याच्या प्रश्नाची ओळख नवी नाही. १९९८ साली, म्हणजे एक्सएमएलला मान्यता मिळाली त्याच वर्षी, वारणेच्या खोऱ्यात वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यात होती. गावातल्या संगणक केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो ऊसनोंद, तोडणी, काट्यावरचे वजन, खते आणि बिल यांसाठी. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सहभागाने काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलचा एसएमएस वापरून तेच काम करून पाहिले. ठरावीक साच्यातला छोटा मजकूर पाठवायचा आणि ठरावीक साच्यातले उत्तर मिळवायचे. दूरच्या प्रोग्रॅमला मजकुरातून केलेला कॉल म्हणजे हेच. कुठल्याही परदेशी उदाहरणाइतके हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा या चार शब्दांत एन्युमरेशन जितके स्वच्छ समजते, तितके पाठ्यपुस्तकातल्या आठवड्याच्या वारांनी समजत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. तिथे येणारी कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. त्यांना संकल्पना अवघड जात नाही. अडचण असते ती पहिल्यांदा भेटलेल्या संकल्पनेला पहिल्यांदा भेटलेल्या भाषेतून सामोरे जाण्याची. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. तसेच बँक, पतसंस्था, कारखाना किंवा बाजार समिती यांच्या संगणक विभागात काम करणाऱ्यांसाठी, आणि दोन सॉफ्टवेअर 'जोडून द्या' असे सांगितले जाते त्या प्रत्येकासाठी आहे. रूढ तांत्रिक शब्द आम्ही जसेच्या तसे देवनागरीत ठेवले आहेत. कामावर जो शब्द कानी पडतो, तोच पुस्तकात भेटावा.

पुस्तकाचा पहिला भाग लायब्ररीला हात न लावता, नुसत्या मजकुरातून बांधणी आणि उभारणी शिकवतो. ही मेहनत आम्ही मुद्दाम ठेवली आहे. साधन आतून काय करते हे एकदा हाताने केल्यावरच ते कुठे चुकेल याचा अंदाज येतो. पुढे पायथॉन आणि जावा या भाषांतल्या तयार साधनांची ओळख आहे, आणि शेवटी सोप, स्कीमा, जेसन व प्रोटोकॉल बफर्स यांची तुलना. धरण, ऊसनोंद आणि बाजारभाव ही तीन उदाहरणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतात. ती शिकण्यासाठी रचलेली आहेत, कुठल्याही कार्यालयाच्या प्रत्यक्ष यंत्रणेचे ते वर्णन नाही. संदेशाची गुप्तता आणि सही हा स्वतंत्र विषय असल्याने त्याला इथे फक्त स्पर्श केला आहे.

आमचे म्हणणे एकच आहे. माहिती आपल्या प्रोग्रॅमबाहेर पाठवताना तिचा अर्थही लिहून पाठवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. प्रकार, एकक, वेळ, गैरहजेरी, ओळख आणि लिपी या सहा गोष्टी ज्याने स्पष्ट लिहिल्या, त्याचे एक्सएमएल दहा वर्षांनीही वाचता येईल. ज्याने गृहीत धरल्या, त्याचे जेसनही पुढच्या महिन्यात अडेल.

वाचकाला एक विनंती. पहिला भाग वाचून झाला की आपल्या गावातली एखादी खरी नोंद घ्या. काटा पावती घ्या, पर्जन्यमापकाचे पान घ्या किंवा बाजार समितीचा दरफलक घ्या. तिचे एक्सएमएल लिहा आणि ती नोंद ज्याने कधी पाहिली नाही अशा मित्राला द्या. त्याने तुम्हाला एकही प्रश्न न विचारता मूळ नोंद उभी केली, तर तुम्हाला हा विषय आला. त्याने प्रश्न विचारले, तर ते लिहून ठेवा. पुढचा भाग वाचताना तेच तुम्हाला उपयोगी पडतील.